खोकल्यावर चालणारी गाडी

सरकारी गाडीला ब्रेक एकच असतो. या कचेरीच्या गाडीला मात्र दोन होते. एक सारथ्याच्या पायाखाली आणि दुसरा शिपायाच्या घशात.

सारथी म्हणजे कचेरीचा ड्रायव्हर. हे नाव त्याला मोठ्या बाबूंनी कौतुकानं दिलं होतं, आणि कौतुकाला तरतूद लागत नसल्यामुळे ते टिकलंही होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं साहेबलोकांना बैठकांना आणि सरकारी कामासाठी म्हणून त्यांच्या मेव्हण्यांच्या घरी पोचवलं. साहेब बदलत गेले, सारथी तोच राहिला. शेवटी त्याच्या डोळ्यांनी आधी रजा घेतली. समोरचं दिसे, पण बाजूचं आणि वरचं जग कुणीतरी पडदे ओढावेत तसं मिटत चाललं. डॉक्टरांनी सांगितलं, नस वाळते आहे, गेलेली नजर परत यायची नाही, गाडीला हात लावू नका.

सारथ्यानं हे फक्त शिपायाला सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. अडचण साहेबाला सांगावी, मित्राला सांगू नये. साहेब काही करत नाही, मित्र करून बसतो. शिपाई पुढच्या सीटवर सारथ्याच्या शेजारी बसत असे. त्यानं तोडगा काढला. सिग्नल तांबडा असला किंवा बाजूनं कुणी आडवं आलं की तो खोकायचा आणि वाट मोकळी झाली की घसा खाकरायचा. मागे साहेब फायलीत डोकं घालून बसलेले.

"अरे, औषध घे काहीतरी," ते अधूनमधून म्हणत.

"घेतो साहेब," शिपाई म्हणे, आणि पुढच्या चौकात खोके.

असे दोन हिवाळे गेले. अपघात एकही नाही. साहेबांनी दोन्ही वर्षी गोपनीय अहवालात 'उत्कृष्ट वाहनचालक' असा शेरा मारला. त्यातला अर्धा शेरा शिपायाचा होता, पण तशी वाटणी नियमात बसत नाही.

बायकोला ते कळलं चहाच्या कपामुळे. "अहो, कप सोडताय कुठे? तिथे टेबल नाहीये!" कप फुटला आणि सारथ्यालाही वाचा फुटली.

तिच्या आग्रहावरून त्यानं नजरेचं मोठ्या बाबूंच्या कानावर घातलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि लगेच राजीनामा टाइप करून दिला. "एक ओळ आहे. प्रकृतीच्या कारणास्तव. सही कर, सन्मानानं सुटशील." त्यांचा भाचा नुकताच गाडी शिकला होता, हा निव्वळ योगायोग.

बायकोनं तो कागद आणि नवरा, दोघांनाही आपल्या मामेबहिणीकडे नेलं. ती वकील. इस्त्रीच्या दुकानावर तिची खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका पायानं लंगडं टेबल. तिनं राजीनामा वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल सरळ उभं राहिलं.

"एवढाच याचा उपयोग. भावोजी, यावर सही केली असती तर आजवरची सगळी नोकरी पुसली गेली असती. राजीनाम्यावर पेन्शन मिळत नाही. अपंगत्वाची निवृत्ती मागावी लागते, आणि तीही नोकरीत असतानाच."

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे की."

"जोडा. पण ते पुरत नाही. साहेबांनी तुम्हाला सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवायला हवं. हे काम तुम्हाला कायमचं जमणार नाही, असं मंडळानं म्हटलं की खातं आधी दुसरं हलकं काम बघेल. ते नसेल तर पेन्शन. अर्ज द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मंडळानं 'कसे आहात' विचारलं तर 'मजेत' म्हणू नका."

"घराला आग लागली तरी हे मजेतच असतात," बायको म्हणाली.

"आणि उद्यापासून चावी हातात घ्यायची नाही. रस्त्यावरच्या माणसांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

सारथ्यानं अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

"मी उत्कृष्ट लिहिलंय. आता याला दिसत नाही म्हणून पाठवू? वर काय तोंड दाखवू?"

"साहेब, वकीलबाईंनी चावीला हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"वकीलबाई पगार देतात का तुला? बदली माणूस येईपर्यंत सावकाश चालव."

सावकाश चालवलं की नजर सुधारते, हा वैद्यकीय शोध साहेबांचा. हुकूम तो हुकूम. दुसऱ्या दिवशी सारथ्यानं, बायकोला न सांगता, चावी उचलली.

आणि नेमकं त्याच सकाळी शिपायाला खरंच पडसं झालं होतं. साहेबांच्या गल्लीतून निघताच तो खोकला. गाडी थांबली. खाकरला. गाडी निघाली. पुन्हा खोकला. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला.

"थांबतोस काय? रस्ता मोकळा आहे!" साहेब ओरडले.

सारथी शिपायाकडे वळला. "हा खरा की कामाचा?"

"खरा... खरा रे! चल तू!" गाडी निघाली, तोच शिपाई किंचाळला, "डावीकडून हातगाडी! हा कामाचा!"

ब्रेक लागला. हातगाडीवाला दोन्ही हात वर करून उभा होता, आणि साहेबांची फाईल पुढच्या काचेवर.

"म्हणजे दोन हिवाळे मी..." साहेबांनी दाराची कडी चाचपली.

"खोकल्यावर जात होतात साहेब," शिपाई म्हणाला. "औषध घेतलं असतं तर पंचाईत होती."

साहेब उतरले आणि चालत कचेरीत गेले. वाटेत दुकानं लागतात, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. पोचल्या पोचल्या त्यांनी अर्जावरचा पेपरवेट काढला आणि 'अत्यंत तातडीचे' लिहून सही केली. आधीच्या शेऱ्यांचा खुलासाही जोडला: 'सदर कर्मचाऱ्याने आजार उत्कृष्टरीत्या लपवला.' कामावर असताना अनधिकृतपणे खोकल्याबद्दल शिपायाला नोटीस निघाली. तिचं उत्तर वकीलबाईंनी फुकट लिहून दिलं.

मंडळापुढे डॉक्टरांनी विचारलं, "कसे आहात?" सारथ्याच्या जिभेवर 'मजेत' आलंच होतं. त्यानं ते गिळलं. "वाईट आहे साहेब. तुमच्या बाजूला कोण बसलंय, ते मला दिसत नाही." बाजूच्या डॉक्टरांनी लिहून घेतलं.

खात्यानं हलक्या कामाचाही प्रामाणिकपणे शोध घेतला. पण कचेरीतली सगळी हलकी कामं धडधाकट माणसांनी आधीच धरलेली होती. तेव्हा पेन्शन मंजूर झाली. भाचा गाडीवर आला, आणि साहेब आता पुढच्या सीटवर बसून सिग्नल स्वतः बघतात.

सारथी आता बायकोचा हात धरून बाजारात जातो. परवा चौकात ती खोकली, आणि तो फुटपाथच्या कडेला खिळल्यासारखा उभा राहिला. लोक पुढे गेले, सिग्नल बदलला, पुन्हा बदलला.

"अहो, चला की. मला नुसता ठसका लागला."

"तसं नाही चालायचं," तो म्हणाला. "घसा खाकर आधी."

तिनं भर चौकात घसा खाकरला. मग तो निघाला.