मामांनी घासाघीस करून मिळवलेले शब्द

फुकटात मिळणारी गोष्टसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेऊ नये असं मानणारा माणूस अमरावतीच काय, अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. जन्मभर त्यांनी इतवारा बाजारात फुलं विकली. देव, नवरदेव, पुढारी आणि मयत, चौघांच्याही गळ्यातले हार त्यांच्याच टोपलीतून गेले. आरोळी अशी, की शेजारचा कांदेवाला स्वतःचा भाव विसरून मामांचा भाव सांगायचा. आणि प्रत्येक सौद्यात 'वरून' काहीतरी हवंच. भाजीवर कोथिंबीर, किराण्यावर चिमूटभर हिंग. एकदा मोफत तपासणीच्या शिबिरात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तर मामा दुसरा हात पुढे करून म्हणाले, "याचाबी पाहून द्या ना वरून." डॉक्टर तरुण होता, त्यानं पाहिला बिचाऱ्यानं. अशा माणसाबरोबर बाजारात जायचं म्हणजे चपला झिजवून यायचं, म्हणून मी कधी जात नाही.

मामा फुलं विकायचे आणि मामी त्याच फुलांचे दागिने करायची. हळदीच्या नवरीला बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, सगळं मोगऱ्या-निशिगंधाचं. तिची बोटं दोऱ्यावर चालायची तेव्हा आम्ही पोरी जेवायचं विसरून बघत बसायचो. दोन वर्षांपूर्वी तिला लकव्याचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं वाचलं, उजवा हात तेवढा सुस्तावला. एक सर पुरी होईस्तोवर मोगरा मान टाकायचा. मामांनी कुठून कुठून कापडी फुलं आणली आणि तिच्यापुढे ओतली. म्हणाले, "घे, हे फुलं वाट पाह्यतात तुही." डॉक्टरांनी बजावलं होतं, की बोटं चालती ठेवा, नाही तर आखडतील. पण मामी हातावर हात ठेवून बसलेली. "कोनं मांगतलं हाय? मंग कोनासाठी करू?" एवढंच तिचं म्हणणं. आयुष्यात तिनं मागणी नसताना गजरासुद्धा ओवला नव्हता. व्यायामाला म्हणून दिलेला रबरी चेंडू तिनं तुळशीच्या कुंडीत ठेवून दिला. मी म्हटलं, मामा, मीच खोटी ऑर्डर देते. ते म्हणाले, "तिले खोटं पटकन समजते. चाळीस वर्षं माह्यासंगं काढली तिनं."

मी अकोल्यात कपडे शिवायचं छोटं दुकान चालवते. इंटरनेटवर माल कसा विकावा याचा तीन दिवसांचा वर्ग मी केला होता. त्या बळावर मामांसाठी एक पान उघडलं, फोनवर चॅटबॉट घालून दिला आणि 'कीवर्ड' म्हणजे काय ते समजावायला बसले. गिऱ्हाईक शोधताना कोणते शब्द टाकतं, ते आधी शोधायचं आणि तेच आपल्या मालाखाली लिहायचे. मामा एका मिनिटात म्हणाले, "म्हंजे आरोळीच झाली ना व! गिऱ्हाईक ज्या नावानं मांगते त्याच नावानं वरडायचं." तीन दिवसांत त्या वर्गातल्या बाईंना जे मला नीट सांगता आलं नाही, ते या चौथी शिकलेल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. मला जरा रागच आला.

मग सुरू झाली त्यांची आणि त्या चॅटबॉटची बैठक. मामा फोन तळहातावर धरून, बाजारात उभं राहिल्यासारखे बोलायचे. "राम राम भाऊ. फुलाचे दागिने इकायचे हायेत. शब्द सांग." त्यानं शुद्ध भाषेत दहा शब्द दिले. "दहा झाले. आता वरून दोन टाक." त्यानं लगेच दोन टाकले. मामा चाटच पडले. "नाही म्हनतच नाही हा! असा दुकानदार मले जन्मात नाही भेटला." पण वरून मिळालेला माल तपासून घ्यायचा, ही त्यांची जुनी सवय. ते दोन शब्द निघाले 'पर्यावरणपूरक पुष्पालंकार' आणि असंच आणखी एक. मामा म्हणाले, "पाह्यलं? वरून देतानी सारे देठ सडलेलेच देतात." मी सांगून पाहिलं, की मामा, कोण किती शोधतं याचे आकडे त्याच्याकडे नाहीत, तो अंदाजानं सांगतो. तर म्हणाले, "बाजार अंदाजावरच चालते. पण अंदाज आपन पारखून घेतो." आणि खरंच पारखायला निघाले. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मामीच्या जुन्या दागिन्यांचा फोटो दाखवायचे, "ताई, याले तुमी काय म्हनता?" दोघीतिघींनी पर्स घट्ट धरली. बाकीच्यांनी सांगितलं. ते ऐकून मामा घरी येऊन चॅटबॉटला झापायचे, "तू चुकून राहिला भाऊ. असं कोनी म्हनत नाही." तो म्हणायचा, आपलं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मामा फोनकडे बघतच राहिले. "एवढ्या वर्षांत एकाबी व्यापाऱ्यानं मले माफी नाही मांगतली," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी त्याला झापणं बंद केलं, घासाघीस तेवढी चालू ठेवली.

असे चाळीसेक शब्द जमले आणि मामांनी ते सगळेच्या सगळे एका फोटोखाली टाकले. मी म्हटलं, एवढे कशाला? तर, आरोळी देताना कोणी घसा वाचवते काय, असा उलटा सवाल. नेमकी लग्नसराई लागलेली. एका आठवड्यात अकरा ऑर्डरी आल्या! अकोला, तेल्हारा, एक तर थेट पुण्याहून. आता आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हा मामांच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. अकराच्या अकरा त्यांनी घेतल्या, गल्लीत पेढे वाटले. मामीनं चष्मा पुसला, डबे काढले, दोरा मागितला. "हा गुलाबी दोरा काय कामाचा? नवरी हाय का शेळीचं पिल्लू?" म्हणून तिनं मामांना झाडलं, तेव्हा दोन वर्षांनी घरात घर असल्यासारखं वाटलं मला.

काम सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी मी गेले तर मामी कोमट पाण्यात हात बुडवून बसलेली. मनगट सुजलेलं, बोटं वाकडी झालेली. शेजारी अर्धा कंबरपट्टा. ती रडत होती, पण दुखतं म्हणून नव्हे. "लोकाच्या पोरीची हळद हाय बाई, अन् माहा हात अडून बसला. माह्यापायी तिचा दिवस नासते." मामा दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा बघवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी फोन घेतला आणि एकेका गिऱ्हाइकाला लावला. "माहीच चूक झाली ताई. आमच्याच्यानं व्हत नाही. फलान्या दुकानात चांगला माल भेटते, तेथी जा." आठ गिऱ्हाइकं परत पाठवली त्यांनी. जन्मात एक पाठवलं नव्हतं. उरलेली तीन मामीनं डाव्या हाताच्या आधारानं, आणि दोरा मी ओवून देत गेले म्हणून, कशीबशी पुरी केली.

हाताची सूज उतरली, तसे मामा पुन्हा चॅटबॉटपुढे बसले. मी शेजारीच होते. "भाऊ, गिऱ्हाईक कमी येईल असे शब्द सांग." त्यानं विक्री वाढवण्याच्या सहा युक्त्या सांगितल्या. "वाढवाची नाही रे बापा! आठ दिवसांत एक पायजे. जास्त आले तं तिचा हात थकते, नाही आले तं ती थकते." मी खिडकीबाहेर बघायला लागले. तो यंत्रातला भाऊही या खेपेस युक्त्या सोडून प्रश्न विचारायला लागला. घाई नसलेली गिऱ्हाइकं कोण? मामांनी विचार केला. लग्नाची घाई, हळदीची घाई. पण डोहाळजेवण? सातव्या महिन्यातलं, तारीख आधीपासून ठाऊक. मग तो म्हणाला, घरातल्या मोठ्या बायका या दागिन्यांना काय म्हणतात? मामांनी आत हाक मारली, "अवं, तुह्या माहेरी काय म्हनत?" मामीचं माहेर रिद्धपूरचं. आतून उत्तर आलं, "फुलाची वाडी. दुसरं काय म्हनतीन?" हा शब्द आमच्या चाळिसांत नव्हताच. चॅटबॉटनं प्रामाणिकपणे सांगितलं, की आकडे नाहीत, पण अंदाजानं हा शब्द आता फार थोडे लोक शोधत असतील. मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "हाच पायजे!" चाळीस शब्द पुसले आणि तो एक ठेवला.

तेव्हापासून आठवड्याला एक गिऱ्हाईक येतं, कधी दहा दिवसांनी. बाळापूरच्या एका आजीनं नातसुनेसाठी महिनाभर आधी मागणी नोंदवली आणि 'सवडीनं करा' असंही लिहिलं. मामांनी ते मामीला चार वेळा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समजलं ना एकदा," आणि डबा उघडला. ऑर्डर यायला उशीर झाला की मामा फोन हातात घेऊन अंगणात येरझारा घालतात, आत गेले की फोन खिशात आणि चेहरा असा, की आपल्याला काही देणंघेणंच नाही. हे नाटक मामीला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी अमरावतीला गेले तर मामा फाटकातच भेटले. म्हणाले, "या खेपेची वाडी सहा दिवसांतच झाली व. दोन दिवस नुसती बसून हाय. शब्द थोडा बदलावा लागते." मी म्हटलं, बसू ना दुपारी, विचारू त्याला. "म्या कालच इचारलं," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. वर त्यांचं वाक्य होतं, 'भाऊ आता सहा दिवसांत एक पायजे. तिचा हात सुधरून राहिला.' खाली त्यानं शब्द दिले होते, आणि त्याआधी, हे वाचून फार आनंद झाला, असं लिहिलं होतं. मामा त्याच ओळीवर बोट ठेवून उभे राहिले.

"हा खरंच खुश होत असन का व पोरी?"

मी म्हटलं, "त्याचं माहीत नाही मामा. मी झाले."