स्टेन्सिल वाळेपर्यंत
सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले. पहिले काही महिने नीट गेले तरच कायम होणार होते. हेडक्लार्क पन्नाशीचे. आजकालची पोरं कामचुकार, त्यातून माझ्यासारखी इंग्रजी शाळेतली म्हणजे विचारायलाच नको, असं त्यांचं मत होतं.

स्टेन्सिल म्हणजे छपाईचा मेणकागद. त्यावर चूक झाली की लाल करेक्शन फ्लुइड लावायचं आणि ते वाळू द्यायचं. ओल्यावर टाइप केलं तर छापताना तिथे डाग पडतो. म्हणून मी हात मांडीवर ठेवून थांबायचे.

"काय बाई, ध्यानाला बसलात का?" एकदा हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाले. "आमच्या वेळी हात थांबत नसत. सांगू साहेबांना, मुलगी नुसती बसून असते म्हणून?"

माझे कान तापले. बोटं कळांवर गेली, पण मी ती उचलून घेतली.

"सांगा," मी म्हणाले. "पण हे ओलं आहे. आत्ता टाइप केलं तर सगळं पत्रक पुन्हा करावं लागेल."

ते तिथेच उभे राहिले. मी स्टेन्सिलवर हळूच फुंकर घातली आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. वाळल्यावर पुढची ओळ घेतली. ते साहेबांकडे गेले की जागेवर, हे मी मान वर करून पाहिलं नाही.