फोटोपुरती नाही

सरांनी माझ्या डोक्यावरून हेडसेट काढला, खिशातून स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि हेडसेट आतून-बाहेरून घासून पुसला. मग पुढच्या मुलीला म्हणाले, "ये, आता घाल."

माझ्या आधी तिघांनी घातला होता. भर एप्रिल. वर्गातला एसी बंद. त्यांचाही घाम होताच की. तेव्हा बाटली खिशातच होती.

मी विचारलं, "सर, माझ्यानंतरच का?"

"हायजीन असतं बाळा," ते म्हणाले. हसत म्हणाले.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मी खाली बघत बाकावर जाऊन बसले. कान तापले होते.

लातूरच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आमचं कॉलेज. विमान दुरुस्तीचं. आवारात एक जुनं, दोन माणसं बसतील एवढं विमान उभं आहे. टायर बसलेले. दोन वर्षं आम्ही त्याचंच इंजिन खोलून परत बसवत होतो. मग हे हेडसेट आले. डोळ्यांवर चढवले की समोर हवेत आजच्या मोठ्या विमानाचं इंजिन उभं राहतं. हातानं झाकण उघडायचं, आत डोकावायचं, बिघाड शोधायचा. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "उद्याचा टेक्निशियन नुसत्या पान्यावर जगणार नाही. हे ज्याला येईल त्यालाच हँगरमध्ये घेतील."

खरं बोलले. म्हणूनच जास्त लागलं.

त्या दिवसानंतर सरांनी रीत पाडली. स्कॉलरशिपवाले शेवटी. आम्ही दोघंच होतो, मी अहमदपूरची आणि एक पोरगा लोह्याचा. दोघंही जयभीमवाले. आमची पाळी येईस्तोवर तास संपायचा. सर म्हणायचे, "भिंतीवरच्या टीव्हीवर बघा की. तेच दिसतं."

तेच दिसत नाही. टीव्हीवर दुसऱ्याचा हात दिसतो.

मी महिनोन्महिने दुसऱ्यांचे हात बघितले. माझ्या मागच्या बाकावरची उदगीरची मुलगी एका दुपारी इंजिनच्या पात्याला पडलेली चीर सापडल्यावर इतकी खूश झाली की जागेवरच उडी मारली. मला तिचा राग नाही आला. हेवा वाटला. पोटातून.

दिवाळीला घरी गेले. बाबा अहमदपुरात एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या गॅरेजात मेकॅनिक. जेवताना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "तोंड उघडू नको. कागद हातात पडू दे आधी."

मी ताट सारून उठले. आई म्हणाली, "अन्नावर राग नको गं."

सकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. हातात चहा.

"आमच्याकडं नव्या गाड्या आल्या तवा," ते म्हणाले, "लॅपटॉप लावून फॉल्ट बघायचा असतोय त्यात. शिकायला पोरं पाठवली हैदराबादला. माझ्या हाताखालची पोरं. मला मालक म्हणला, तुला काय जमणार ते. मी म्हणलो, बरं मालक. आता ती पोरं गाडीत बसून बटणं दाबतेत. मी खाली पडून ग्रीस लावून राहिलो."

"मग मला गप बस का म्हणता?"

"भ्या वाटतं म्हणून," बाबा म्हणाले.

आमच्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर भीतीचं नाव घेतलं. लातूरला येताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच. म्हणजे ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. नवं यंत्र आलं की आधी बघतात, कुणाला त्याच्यापासून लांब ठेवायचं.

जानेवारीत एका मोठ्या विमान कंपनीची माणसं कॉलेज बघायला यायची होती. आदल्या दिवशी सर स्वतः माझ्याकडं आले. "युनिफॉर्म इस्त्री करून ये. तुला पुढं उभं करायचंय. ग्रामीण भागातली मुलगी, स्कॉलरशिप, चांगलं दिसतं."

पाहुणे आले. सरांनी हेडसेट माझ्या हातात दिला.

"नुसता चढव. चालू करायची गरज नाही."

मी चढवला. आत काळोख. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, हात वर करा. काहीतरी पकडल्यासारखं करा."

मी हात वर केला. बोटं मिटली. बोटांत काहीच नव्हतं. आणि माझ्या आतून काहीतरी सुटलं.

मी हेडसेट काढला. "सर, हे बंद आहे."

"फोटोपुरतं आहे गं."

"मी फोटोपुरती नाही. एप्रिलपासून मला हे वापरू दिलं नाही. एकदा वापरलं तर माझ्यानंतर स्पिरिटनं पुसलं. बाकी कुणानंतरही पुसलं नाही. हे या पाहुण्यांनाही सांगा."

मी हेडसेट सरांच्या हातात परत दिला.

पाहुण्यांतल्या एक बाई माझ्याकडं बघत राहिल्या. वाटलं, काहीतरी विचारतील. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आपण वर्कशॉप बघू या का?" सगळे गेले. त्याही गेल्या.

जिन्यात उदगीरची मुलगी भेटली. हळूच म्हणाली, "बरं केलंस. पण साक्षीला माझं नाव घेऊ नको हं."

प्राचार्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा कामावरून तसेच आले. टेबलाच्या बाजूला सर उभे होते, समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणालं नाही कुणी.

"तुमच्या मुलीनं संस्थेची अब्रू घालवली," प्राचार्य म्हणाले. "उगाच जातीचा विषय काढला. माफी लिहून दे म्हणावं तिला, मग प्रॅक्टिकलला बसू देऊ."

मी बाबांकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बरं साहेब.

बाबांनी खुर्ची ओढली. बसले. "ती म्हणती ते खरं हाय का न्हाई, तेवढं आधी सांगा."

प्राचार्य सरांकडं बघू लागले. सर खिडकीकडं.

बाबा उठले आणि आम्ही तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार दिली, माझ्या सहीनं. लोह्याच्या पोरानं सही केली नाही. त्याच्या आईनं माझ्यापुढं हात जोडले. चौकशी चालू आहे म्हणतात. सर अजून शिकवतात. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नाही.

सोमवारी प्रॅक्टिकल आहे. माफी नाही तर परीक्षा नाही, असा निरोप आलाय. माफी मी लिहून देणार नाही. परीक्षेला मी जाणार आहे. दार अडवलं तर का अडवलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. सोमवारी नाही बसू दिलं तर पुढच्या वेळी येईन. कोर्टातून यावं लागलं तर कोर्टातून येईन. मी विमान दुरुस्त करायला शिकायला आलेय. ते शिकल्याबिगर मी इथून जात नसते.