बानं सांगितलेला पिक्चर

आधीच सांगून ठेवतो, भूत-प्रेत, हवा-बिवा असल्या गोष्टीवर मी हसणारा माणूस होय. मोहल्ल्यात कोणाच्या अंगात आलं का मीच समोर जाऊन विचारतो, "देवा, चाय घेता काय?" दोनदा मार खाल्ला हाय. अन् मले लिहिता येत नाही. पहिलीतच गुरुजी म्हणे तू घरीच बरा, ते मी लई मनावर घेतलं. हे सारं मोबाइलमधी बोलून राहिलो, तो लिहून राहिला. चुकला तं त्याले शिव्या द्या, मले घरी पुरेशा भेटतात.

मी पांढुर्ण्याले राहतो, मंडीत संत्र्याचे कॅरेट भरतो. माहा बा लोधीखेड्याचा. मी लहान होतो तवा तिथी बाजाराच्या दिवशी दुपारी टिनाच्या शेडमधी व्हिडिओ लागे. पिक्चर इंग्रजी, पब्लिक माह्यासारखं. म्हणून टीव्हीच्या बाजूले स्टुलावर बा बसे अन् पिक्चर सांगे. त्याले तरी इंग्रजी कुठं येत होती? जे दिसे त्यावर आपल्या मनचं बोले.

तलवारवाला एक पिक्चर होता, तो तं लोकायनं दहा-दहा वेळा पायला. उघड्या अंगाचा हिरो, काळ्या झग्यातला जादूगार. बानं हिरोचं नाव ठेवलं सदा, अन् जादूगाराले केलं पटवारी. जादूगारानं हात वर करून वीज पाडली का बा म्हणे, "सदा, जमिनीचा खसरा दाखव, नाही तं बैल जाळतो!" शेड हसून-हसून लोळे.

आखरीले बा उठून टीव्हीच्या समोर उभा राहे. आम्हाले पडदा दिसेच ना. अन् सांगे... "सदानं तलवार खाली ठेवली. म्हणे, पटवारी साहेब, जेवला काय? पटवारी रडाले लागला. त्याले आजवर कोणी विचारलंच नव्हतं." मंग पब्लिकले विचारे, "पटलं काय?"

सारे वरडत, "पटलं!" सगळ्यात जोरात मी.

आता माही करामत ऐका. सात-आठ वर्षं झाले. सौंसरले बहिणीच्या पोरीचं बारसं होतं. बा पोट्ट्यायले घेऊन तोच पिक्चर सांगून राहिला होता. मी नवाच मोबाइल घेतला होता... नवा मोबाइल अन् जुना गाढव. तोच पिक्चर हिंदीत काढला अन् पोट्ट्यायच्या नाकासमोर धरला. हिरोनं जादूगाराचं मुंडकं उडवलं. "पायलं? बुढा जिंदगीभर फेकून राहिला! कायचा पटवारी अन् कायचं जेवण! म्हणूनच आडवा उभा राहे."

पोट्टे बाले हसले. पाव्हणे बी हसले. बा उठला, टोपी घातली. म्हणे, "बरं हाय गजू. तू तं शिकला."

पुन्हा त्यानं पिक्चर सांगितलाच नाही. कोणालेच नाही. दोन वर्षांनं गेला. मी माफीचं उद्या-उद्या करून राहिलो होतो.

तर यंदा त्याच पिक्चरचा रिमेक आला. मोबाइलवर झलक पायली. आधीच्या हिरोच्या अंगावर तेल होतं, याच्या अंगावर कॉम्प्युटर. मी म्हटलं, हा पिक्चर कचरा हाय. पण सुनंदा, माही बायको, म्हणे चला. शुक्रवारी पहिलाच शो, दुपारी बाराचा, इथलीच टॉकीज. तीसेक लोक असतीन. पिक्चर खरंच कचरा होता. मी फुटाणे खाऊन राहिलो होतो.

आखरीची लढाई सुरू झाली अन् आवाजच बंद पडला. पडदा चालू, आवाज नाही. शिट्ट्या, शिव्या. अन् मागून, पार मागून आवाज आला...

"कल्ला करू नका बे. पटवारी काय म्हणते ते ऐका."

गालात तंबाखूचा खर्रा धरून बोलल्यासारखा. बा अर्ध्या वाक्यात थांबे, तसाच थांबला. माहे फुटाणे सांडले. "सदा, खसरा दाखव!" पब्लिक खदाखदा हसलं. सुनंदानं माहं मनगट धरलं. "अवो... मामाजी." सासऱ्याले ती मामाजीच म्हणे.

"चूप बस." माही मान वळेना. घाबरलो नव्हतो. कोणत्या तोंडानं वळू?

पडद्यावर हिरोनं तलवार उगारली. आता मुंडकं उडन, मले माहीत होतं. मागून आवाज आला, "पाहा, आता सदा तलवार खाली ठेवते."

तलवार वरच होती. मंग ठेवली. खाली ठेवली होय!

"पटवारी साहेब, जेवला काय?" अन् पडद्यावर जादूगार रडाले लागला.

"पटलं काय?"

सारी टॉकीज वरडली, "पटलं!" सुनंदा बी वरडली. माह्याच तोंडातून आवाज निघाला नाही.

लाइट लागले तवा पायलं, मागच्या तीन रांगेच्या खुर्च्या उखडून भिंतीले लावून ठेवल्या होत्या. बाहेर एक जण म्हणे, "बुढा मस्त बोलला बे, कोणाचा होता?" प्रत्येकाले वाटे दुसऱ्याचा.

लोधीखेड्याच्या जुन्या पब्लिकपैकी कोणी नक्कल केली असन, मी बी तेच म्हटलं. पण पहिल्याच शोले त्याले कसं ठाऊक, का या बारीले तलवार खाली ठेवतीन? आजवर समजलं नाही. तुम्हाले समजलं तं सांगा.

मले भेव नाही लागलं. राग आला, अन् तो अजून हाय. त्या पिक्चरवाल्यायचा... बदलाचंच होतं तं बा असताना बदलाचं होतं! अन् बाचा. आला तं आला, तीस परक्या लोकायले विचारून गेला. माह्या खांद्यावर हात ठेवला असता तं झिजला असता का? अन् माहा तं विचारूच नका. जिंदगीभर नको तिथी चालणारं हे तोंड, नेमकं तवाच बसलं.

दुसऱ्या दिवशी बाराच्याच शोले एकटा गेलो. आवाज चांगला होता. हिरो हिंदीत क्षमा-बिमा काहीतरी बोलला, तलवार ठेवली. मी वाट पायली. कोणीच काही विचारलं नाही.

तरी उभा राहून वरडलो, "पटलं, बा! पटलं!"

गेटवाल्यानं हाताले धरून बाहेर काढलं. मागून कोणीतरी हसलं. या बारीले मात्र मी वळून पायलं.

कॉलेजचे पोट्टे होते.