तळघरातला प्राणायाम

लेकीच्या परदेशातल्या घरी आम्हा दोघांची खोली तळघरात आहे. खिडकी नावापुरती, तीही थंडीमुळे कायम बंद. दिवसा लेक तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर ऑफिसचं काम करते. ह्यांना ती खोली फार आवडते, कारण पहाटेच्या प्राणायामाला इतकी शांतता पुण्यात कधी मिळालीच नाही.

काल लेकीने कपाटावर एक पांढरी डबी आणून ठेवली.

"आई, जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो आणि अशा बंद जागेत साठतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्याकडे किती आहे ते ही डबी सांगेल, पण थोडे दिवस लागतील."

"वास कसा असतो त्याला?"

"वास नसतो. रंगही नसतो."

जन्मभर मी नाकाच्या भरवशावर संसार केला. दूध करपलं, डाळ आंबली, गॅस सुटला, सगळं आधी नाकाला कळायचं आणि मग मी धावायचे. आता पडद्याला, उशीला नाक लावून पाहते. साबणाचा वास येतो, बाकी काही नाही. आणि ह्या काही नसण्याचीच भीती वाटते.

आज पहाटे हे नेहमीसारखे मांडी घालून बसले. मी नुसती बघत राहिले.

"अगं, आपण चार दिवसांचे पाहुणे," ते म्हणाले. "एवढ्याने काय होतंय?"

त्यांनी खोल श्वास घेतला. समोर लेकीची खुर्ची होती, बसून बसून गादी पार दबलेली. त्यांची नजर तिथे गेली, आणि घेतलेला श्वास सोडायचा राहून गेला.