अलीगंज ते मानक नगर, सोळा मिनिटं

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लखनौतल्या अलीगंजहून औषधाची पेटी घेऊन निघालेला ड्रोन मानक नगरला माझ्या भावाच्या गच्चीवर पोहोचला नाही. अकरा अठ्ठेचाळीसला भावाच्या फोनवर संदेश आला की पेटी पोहोचली. त्या वेळी गच्चीवर भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी असे तिघे उभे होते. विटा ठेवून अंथरलेली चटई रिकामी होती.

पेटीत महिन्याभराच्या कॅप्सूल होत्या. भावाच्या पोटात वहिनींची किडनी आहे. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी त्याला सकाळी आठला आणि रात्री आठला एकेक कॅप्सूल घ्यावी लागते. पाडव्याच्या सकाळी त्याने घेतली ती घरातली शेवटची होती.

औषध ठरवून संपवलं होतं. ते कसं, हे सांगायला आठ महिने मागे जावं लागतं.

भाऊ रेल्वेच्या संशोधन संस्थेत अभियंता आहे. आम्ही मूळचे अमरावतीचे. तो नोकरीसाठी लखनौला आला, काही वर्षांनी मीही आले आणि एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरीला राहिले. माझं घर अलीगंजला. होळीनंतर एका कंपनीने तिथून ड्रोनने सामान पोहोचवण्याची चाचणी सुरू केली. मानक नगरच्या कॉलनीतली काही घरं त्यासाठी निवडली गेली, भावाचं त्यांत होतं. कंपनीने प्रत्येक घराला काळ्यापांढऱ्या चौकटींची एक चटई दिली. ती गच्चीवर अंथरायची, ड्रोनचा कॅमेरा ती ओळखतो आणि ड्रोन पेटी दोरीने खाली सोडतो. पहिली चटई माकडांनी नेली. कंपनीने दुसरी दिली.

सुरुवातीला टमाटर, साबण, टॉर्चचे सेल असलं सामान आलं. स्कूटरवाला भैया अलीगंजहून निघाला की चारबागच्या गर्दीत अडकून तासाभराने पोहोचायचा. ड्रोनला सोळा मिनिटं लागायची. भाऊ गच्चीवर घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, वाऱ्याची दिशा वहीत लिहायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जून महिन्यात त्याने औषधही ड्रोनने मागवायला सुरुवात केली. हे औषध साध्या दुकानांत मिळत नाही. अमीनाबादच्या घाऊक बाजारात मिळतं, हॉस्पिटलच्या खिडकीवर मिळतं आणि या कंपनीच्या अलीगंजच्या गोदामात ठेवलेलं असायचं.

वहिनी स्टीलच्या डब्यात पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवत. गणपतीत भावाने तो वापरून संपवायचं ठरवलं. मी त्या दिवशी जेवायला तिथेच होते.

"राखीव साठा कपाटात असला की माणूस उशीर माफ करतो," तो म्हणाला. "माफ केलेला उशीर वहीत उतरत नाही. मग ती कसली चाचणी?"

"अहो, किडनी माझी आहे," वहिनी म्हणाल्या. "वापरायला दिलीय. प्रयोगाला नाही."

"परत मागतेस का?"

"मागेन. मोदक हवाय ना अजून? मग डब्याला हात लावू नका."

भावाने मोदक घेतला. डबा दसऱ्यापर्यंत रिकामा झाला. जूनपासून औषधाची एकही पेटी चुकली नव्हती, आणि त्याच्या वहीवरून पाहता त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दिवाळीच्या महिन्याची पेटी धनत्रयोदशीला यायची होती. गोदामात माल उशिरा आला, म्हणून कंपनीने पाडव्याची वेळ दिली. भावाने ती मान्य केली.

आमच्याकडे ज्या दिवशी पाडवा असतो, त्या दिवशी लखनौत जमघट असतो. त्या दिवशी बाजार बंद असतो, कोणी कामाला हात लावत नाही, आणि सगळं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं. जुन्या शहरात सकाळी नऊनंतर आकाशात मांज्याचं जाळं असतं. पक्षीसुद्धा खाली बसून राहतात. भाऊ तीस वर्षं लखनौत आहे, त्याने स्वतः त्या दिवशी पेच लढवलेले आहेत. विमानतळ आणि छावणी टाळण्यासाठी ड्रोनचा रस्ता जुन्या शहरावरून आखलेला आहे, हेही त्याला माहीत होतं. तो धरून चालला की कंपनी त्या दिवशी उंची वाढवेल. कंपनीचं वेळापत्रक दुसऱ्या शहरातून ठरत होतं. त्यांच्या यादीत दिवाळीची सुट्टी एकच होती आणि ती आदल्या दिवशी संपली होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी भावाचा मला फोन आला. "तू जवळ आहेस, गोदामात जाऊन ये. पोहोचली म्हणतात, आणि इथे काही नाही." आवाज नेहमीचा होता.

गोदामात दोघे जण होते. ड्रोन सोडणाऱ्या माणसाने मला स्क्रीन दाखवला. हिरवा ठिपका जुन्या शहरातल्या चौक भागात एका जागी थांबला होता. त्याआधीच्या मिनिटभरात उंचीचा आकडा सरळ खाली आला होता.

"मांझा लिपट गया होगा, दीदी," तो म्हणाला. "हमने सुबह फ़ोन किया था ऊपर, कि आज जमघट है। बोले, हवा तो ठीक है ना? मैंने कहा, हवा ठीक है।"

"मग पोहोचली असा संदेश कसा गेला?"

पेटी जमिनीला टेकली की दोरी सैल पडते, आणि दोरी सैल पडली की संदेश आपोआप जातो, असं त्याने सांगितलं. संदेशासोबत एक फोटोही गेला होता. फोटोत सिमेंटची गच्ची होती, एका कोपऱ्यात फाटका पतंग आणि कडेला चपलांचा एक जोड. माणूस चौकटीत नव्हता. मी औषधाचा दुसरा डबा मागितला. भावाला पाठवलेला शेवटचाच होता, नवा माल भाऊबीजेनंतर येणार होता.

त्याने ठिकाण लिहून दिलं. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून मी चालत निघाले. वरून सतत आरडाओरडा ऐकू येत होता, दर थोड्या वेळाने "वो काटा!" आणि मग थाळ्या वाजवल्याचा आवाज. मात्र एका घराच्या गच्चीवर शांतता होती. दारात माणसं जमली होती. मी फोटो दाखवल्यावर एक साठीची बाई पुढे आली. चपला तिच्या होत्या.

"आपका था वो?" तिने विचारलं. "या अल्लाह, हमारी तो जान निकल गई। पंखे घूम रहे थे, लाल बत्ती जल रही थी, और नीचे डब्बा। हमने सोचा बम है।"

"डबा कुठे आहे?"

"बाल्टी में। पानी में डाल दिया, दामाद ने कहा पानी में डालो। पुलिस आई, बाल्टी समेत ले गई।"

मागून कोणीतरी म्हणालं, "अख़बार में रोज़ तो आता है, चोर ड्रोन से घर देखते हैं।"

त्या पावसाळ्यात आसपासच्या जिल्ह्यांत अशा अफवा होत्या. गावकरी रात्री पहारा देत होते. आमच्या पाचव्या पानावर त्याच्या तीन बातम्या मी लावल्या होत्या. त्यांतल्या एकीच्याही मथळ्यात अफवा हा शब्द नव्हता.

चौकीत बादली टेबलाखाली होती. हवालदाराने पेटी अजून उघडली नव्हती, बॉम्बशोधक पथक यायचं होतं. ते तीन वाजता आलं. पेटी पुठ्ठ्याची होती आणि आत पाणी भरलं होतं. कॅप्सूलच्या पट्ट्यांऐवजी या वेळी सुट्या कॅप्सूलची बाटली आली होती, तिचं झाकण पडताना उडालेलं होतं. कॅप्सूल एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या. पाणी किंचित पिवळं होतं.

मी फोन करून भावाला सांगितलं. त्याने विचारलं, झाकण फिरकीचं होतं की दाबायचं.

संध्याकाळपर्यंत आम्ही काय काय केलं ते असं. अमीनाबादचा औषधबाजार भाऊबीजेपर्यंत बंद होता. हॉस्पिटलची औषधाची खिडकी सणासाठी बंद होती. ओळखीच्या एका पेशंटचं औषध वेगळं निघालं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने फोनवर सांगितलं की या, दाखल व्हा, इथे देऊ.

"एका कॅप्सूलसाठी दाखल?" भाऊ म्हणाला. "उद्या एखादं दुकान अर्धं शटर उघडेलच. अमीनाबादवाले पुरा दिवस बसून राहत नाहीत."

"पापा, आप प्रोटोटाइप नहीं हैं," त्याची मुलगी म्हणाली. ती मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. "चलिए ना, यार।"

वहिनींनी हॉस्पिटलची फाइल काढून टेबलावर ठेवली आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. सव्वाआठपर्यंत त्या तशा उभ्या होत्या. भाऊ खुर्चीतून उठला नाही.

भाऊबीजेला मी सकाळी आणि दुपारी, असं दोनदा अमीनाबादला गेले. एकही शटर उघडलं नाही. त्या संध्याकाळी वहिनींनी त्याला ओवाळायला मला बोलावलं. ओवाळताना माझ्या लक्षात आलं की त्याचे घोटे सुजलेले आहेत. तो म्हणाला, दिवसभर बसून होतो, त्यामुळे. हॉस्पिटलला जायचं मी पुन्हा काढलं. तो म्हणाला, सकाळी बाजार उघडतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकान उघडलं. कॅप्सूल मिळाली. त्याने ती दहा वाजून चाळीस मिनिटांनी घेतली. तीन चुकल्या होत्या आणि चौथी दोन तास चाळीस मिनिटं उशिरा होती. वहीत त्याने हे सगळं लिहिलं.

त्याच आठवड्यात कंपनीचा मेल आला. जुन्या शहरावरची उड्डाणं पुढील सूचनेपर्यंत थांबवली होती, आणि मानक नगरच्या ग्राहकांना सामान स्कूटरने मिळणार होतं.

पुढच्या सोमवारच्या रक्ततपासणीत, किडनीचं काम मंदावलं की चढतं ते क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. चुकलेल्या कॅप्सूलमुळेच हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "हो सकता है," ते म्हणाले, "और पहले से चल रहा हो, ये भी हो सकता है।" किडनीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भावाला बायोप्सीसाठी आत नेलं. वहिनींनी संमतीपत्रावर सही केली. अहवाल शनिवारी दुपारनंतर मिळेल, असं खिडकीवर सांगण्यात आलं.