केशोरावांचं मायलेज

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली, केशोराव गजभिये घनश्यामसेठच्या राइस मिलवर ड्रायव्हर म्हणून लागले. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला आणि सेठजींना ड्रायव्हर. गाजावाजा अर्थातच कलेक्टरचा झाला.

आधीचा ड्रायव्हर जीपच्या टाकीतून डिझेल काढून विकायचा. त्यामुळे सेठजींचा नव्या माणसावरही भरवसा नव्हता. बोदलकस्याजवळच्या खेड्यातून आलेल्या, बाजारात कुणाची ओळख नसलेल्या केशोरावांसाठी शब्द टाकायलाही कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी आपला दाखला स्वतःच तयार केला. इतरांच्या हातात लिटरला अकरा किलोमीटर देणारी जीप त्यांच्या हातात चौदा देऊ लागली. रेल्वेचं फाटक पडलं की ते इंजिन बंद करत. समोर बैलगाडी दिसली की अर्ध्या किलोमीटरवरूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत, म्हणजे ब्रेक मारायची पाळी येऊ नये. ब्रेक म्हणजे फुकट गेलेलं डिझेल, असं त्यांचं मत होतं. मागे बसलेला माणूस कंटाळून जाई, पण तो केशोरावांचा विषय नव्हता. टाकी काठोकाठ भरायची, गाडी हलवायची, बुडबुडे निघाले की पुन्हा भरायची, आणि आकडा सेठजींना सांगायचा. चौदा. पुढे पुढे सेठजींनी विचारणं सोडलं. केशोरावांनी सांगणं सोडलं नाही.

हे अकरा वर्षं चाललं. २०१० साली सेठजींनी हायब्रिड गाडी आणली.

"पेट्रोल पे भी चलती है, बॅटरी पे भी," सेठजी येईल त्याला सांगत. "और चार्ज भी नहीं करना पडता."

"मंग बॅटरी भरते कोन?" मिलमधल्या एका हमालाने विचारलं.

"ब्रेक भरते," केशोराव म्हणाले, आणि आपल्याच उत्तराने खट्टू झाले. ज्या ब्रेकला त्यांनी अकरा वर्षं पाय लावला नाही, त्याच्यापासून ही गाडी वीज बनवत होती. फाटकाशी ती आपणहून इंजिन बंद करी. समोरच्या पडद्यावर मायलेज आपणहून लिही. सेठजी मागून वाकून वाचत आणि ओरडत, "उन्नीस!" कौतुक गाडीचं होई. केशोराव स्टेअरिंग धरून साक्षीदारासारखे बसत.

कंपनीच्या कागदावर मात्र बावीस लिहिले होते. मधले तीन किलोमीटर कुठे जातात, हा प्रश्न दुसऱ्या कुणीही जाहिरातीच्या नावावर सोडून दिला असता. केशोरावांनी तो अंगावर घेतला. शोधता शोधता त्यांना मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी सापडली. हात धरला तर एसीची थंड हवा तिच्यातून आत ओढली जात होती. त्यांना चोर सापडला. थंड हवा वाया म्हणजे एसी वाया, आणि एसी वाया म्हणजे पेट्रोल वाया.

बाजारात सीटकव्हर शिवणारा छोटेलाल त्यांच्या ओळखीचा होता. सीटच्याच रंगाच्या रेक्झिनचा तुकडा हातात घेऊन त्याने विचारलं, "काऊन बंद करून राहिले, भाऊ? कंपनीनं ठेवली म्हंजे काई कामाची असंल ना."

"कंपनी जपानात हाये. गोंदियाचं ऊन तिले काय मालूम? चिकटव तू."

छोटेलालने असं चिकटवलं की जाळी होती हेही कुणाला कळू नये.

मग डिसेंबर लागला. एसी लागेनासा झाला आणि आकडा वीसवर गेला. सेठजींनी श्रेय गाडीला दिलं, केशोरावांनी रेक्झिनला. थंडीला कुणीच दिलं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला, आणि तिरोड्याहून येताना पडद्यावर लाल त्रिकोण उमटला. गाडी कण्हत, कुथत कशीबशी मिलमध्ये पोचली. नागपूरच्या वर्कशॉपने फोनवरच निदान केलं की मोठी बॅटरी गेलेली दिसते. दुसऱ्या दिवशी ट्रेलर येणार होता.

गाडीसोबत मिळालेलं जाड इंग्रजी पुस्तक केशोरावांनी त्या संध्याकाळी घरी नेलं. त्यांची मुलगी खुशबू बी.एस्सी.ला होती. तिने पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"बाबा, ही जाळी बॅटरीसाठी आहे. इथून थंड हवा जाते. बंद केली तर बॅटरी गरम होऊन खराब होते, असं लिहिलंय."

केशोरावांनी पुस्तक आपल्याकडे ओढून चित्र पाहिलं. तांदूळ निवडत बसलेल्या सुमित्राबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"मंग सकारी काढून टाका. कोनाले मालूम हाये?"

"छोटेलालले."

"छोटेलाल का नागपूरले जाऊन राहिला?"

सकाळी ट्रेलर यायच्या आधी केशोरावांनी ब्लेडने रेक्झिन काढलं, गोंद रॉकेलने पुसला आणि तुकडा खिशात घातला. जाळी पुन्हा नव्यासारखी दिसू लागली. एवढ्यात सेठजींनी त्यांना ऑफिसात बोलावलं. सेठजी फोनवर होते. पलीकडून नागपूरचा इंजिनिअर विचारत असावा की गाडीत कुणी काही बंद केलं, काही छेडछाड केली का.

"बारह साल से है वो आदमी मेरे पास!" सेठजी ओरडत होते. "एक बूँद तेल इधर का उधर नहीं किया उसने. वो गाडी को गलत हाथ लगाएगा? बॅटरी ही खराब है आपकी!"

बारा वर्षांत सेठजींनी हे केशोरावांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायला त्यांनी नेमकी हीच वेळ निवडली. केशोरावांनी खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"बॅटरी बरोबर होती, सेठजी. मी खराब केली."

सेठजींनी फोन खाली ठेवला. केशोरावांनी जाळीची सगळी हकीकत सांगितली. सेठजींनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"किसलिए?"

"मायलेजसाठी."

"अरे, पर मायलेज तो गाडी खुद देती थी!"

"हव ना जी. मंग माझं काय काम होतं?"

सेठजींनी तुकडा टेबलावर टाकला. ते म्हणाले, "चाबी रख दे. कल से काँटे पे बैठ."

दुसऱ्या दिवसापासून केशोराव मिलच्या वजनकाट्यावर बसू लागले. सेठजींनी खरं ते कळवलं, आणि चूक गिऱ्हाइकाची म्हणून कंपनीने फुकट बॅटरी द्यायला नकार दिला. विकत घ्यायची तर विकत द्यायलाही नव्हती. साऱ्या जगाला एकदम हायब्रिड गाड्या हव्या झाल्या होत्या आणि बॅटऱ्या तेवढ्या बनत नव्हत्या. ज्या बनत त्या आधी नव्या गाड्यांत जात, कारण नवी गाडी विकता येते आणि बिघडलेली आधीच विकलेली असते.

सेठजी दोन महिन्यांत कंटाळले. केशोराव मात्र दर सोमवारी बॅटरीच्या यादीतला नंबर विचारायला नागपूरला फोन करत. इंजिनिअर आवाजावरून ओळखू लागला. "गजभिये, तुमचा नंबर एकतीस." महिन्याने सव्वीस. मग कंपनीने दोन महिने काहीच पाठवलं नाही, आणि सव्वीस तसाच राहिला. एकदा केशोरावांनी विचारलं, "साहेब, एक बॅटरी बनवाले किती दिवस लागते?" इंजिनिअर म्हणाला, ते मलाही कुणी सांगत नाही.

जुन्या जीपवर आलेल्या नव्या ड्रायव्हरच्या हातात ती साडेदहा देत होती. हा आकडा सेठजींनी कुणाला सांगितला नाही, पण एकदा काट्याजवळून जाताना उगाचच थांबून ते म्हणाले, "क्या बोला नागपूर?"

"अकरा नंबर, जी."

"करते रह फोन."

दिवाळीनंतर बॅटरी आली. सेठजी केशोरावांना जीपमध्ये घालून नागपूरला घेऊन गेले. इंजिनिअरने एक फॉर्म पुढे केला. गाडी सांभाळणाऱ्याने सही करायची होती की जाळी कायम मोकळी ठेवू.

"इसकी लो," सेठजी केशोरावांकडे मान वळवून म्हणाले.

केशोरावांनी फॉर्मची एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. इंजिनिअरने सांगितली. सेठजी तोवर घड्याळ बघत उभे होते. मग केशोरावांनी पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहिलं.

परतताना हायब्रिड केशोराव चालवत होते. भंडारा मागे पडल्यावर सेठजींनी गळ्यातला टॉवेल काढून बाजूला टाकला. तो नेमका जाळीवर पडला. केशोरावांनी आरशात पाहिलं आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

"क्या हुआ?"

"टॉवेल उचला, सेठजी."

"अरे, ठंड है अभी. कुछ नहीं होता."

"उचला जी. सही मी केली हाये."

सेठजींनी टॉवेल उचलून मांडीवर ठेवला, आणि घसरू नये म्हणून वर हातही ठेवला. केशोरावांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पडद्यावर अठरा होते. दोघांपैकी कुणीच ते वाचून दाखवले नाहीत.